मगदूम सरांचा भोपळा

मगदूम सर गेल्याचा फोन सकाळी आला, तेव्हा मी साताऱ्यात घराच्या गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होतो. फोन माझ्या मुलीचा, अनुजाचा होता. "बाबा, सर गेले," एवढंच ती म्हणाली. सर म्हणजे तिचे सासरे आणि माझे व्याही, प्रा. भूपाल मगदूम. सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ती त्यांची विद्यार्थिनी होती, पुढं त्यांची सून झाली आणि घरातही त्यांना सरच म्हणत राहिली. छातीत कफ झाल्यानं काही दिवस ते मिरजेच्या दवाखान्यात होते. सांगलीला निघण्याआधी मी जुन्या सवयीनं एक काम केलं. ज्या दैनिकातून वृत्तसंपादक म्हणून निवृत्त झालो, तिथं फोन लावून निधनाची बातमी सांगितली. अशा बातम्या मी आयुष्यभर लिहिल्या आणि तपासल्या आहेत. त्यांचा साचा हातात बसलेला असतो. नाव, ओळख, अंत्यसंस्कार, पश्चात कोण कोण. पलीकडच्या तरुण उपसंपादकानं विचारलं, "काय लिहू सर? अल्पशा आजाराने?" मी म्हणालो, "हो, लिही."

दुसऱ्या दिवशी तो अंक सांगलीच्या घरी आला. अनुजानं बातमी वाचली, अंकाची घडी घातली आणि तो टीपॉयवर उपडा ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. मगदूम सरांचा आजार अल्पसा नव्हता. काही वर्षं तो घरात होता, त्याला नाव होतं, आणि ते नाव सरांनी स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं होतं. चार ओळींच्या त्या बातमीत एकच गोष्ट खोटी होती आणि ती माझ्या तोंडून गेली होती. सरांच्या आजाराच्या बाबतीत माझ्याकडून हे दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा काय झालं, ते सांगायचं तर त्यांच्या खेळापासून सुरुवात करावी लागेल.

सर मूळचे सांगलीजवळच्या एका गावातल्या जैन शेतकरी घरातले. शिकवायला लागण्याआधी ते काही वर्षं पुलांच्या कामावर साइट इंजिनिअर होते. त्या काळातली एक गोष्ट ते नेहमी सांगत. अवकाळी पाऊस झाला, गोदामातलं सिमेंट भिजलं, आणि भांडार सांभाळणाऱ्या माणसानं ते कुणाला सांगितलं नाही. तेच सिमेंट वापरलं गेलं आणि पुढं एक खांब फोडून काढावा लागला. कुणाला इजा झाली नाही, काम तेवढं लांबलं. "सिमेंट भिजल्याचा मला राग नव्हता," सर म्हणायचे. "पाऊस काय विचारून येतो का? पण तो माणूस आठवडाभर रोज माझ्याबरोबर चहा प्यायला आणि बोलला नाही. आधी त्याचा राग आला. मग वाटलं, मी तरी त्याला बोलायला जागा कुठं ठेवली होती? माझा आवाज ऐकला की माणसं बाजूला व्हायची." पुढं महाविद्यालयात प्रकल्प व्यवस्थापन हा विषय त्यांच्याकडं आला. त्यातलं जोखमीचं प्रकरण मुलं पाठ करतात, चार गुण मिळवतात आणि विसरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा त्यांनी ते प्रकरण फळ्यावर शिकवणं बंद केलं आणि पुलाचा खेळ तयार केला.

तो खेळ मी पहिल्यांदा बघितला तो अनुजाच्या लग्नानंतर. वर्गातली बाकं भिंतीला सारलेली. मध्ये ताडपत्री अंथरलेली आणि तिच्यावर निळ्या रंगानं नदी काढलेली. चार गट, आणि प्रत्येकानं लाकडी ठोकळ्यांचा एक पूल बांधायचा. एक फेरी म्हणजे एक महिना. कार्तिकात काम सुरू करायचं आणि मृगाच्या आत संपवायचं, कारण त्यानंतर नदी कुणाचं ऐकत नाही. सुरुवातीला प्रत्येक गटाला मूठभर चिंचोके मिळत. ते सगळे मजुरांवर आणि सामानावर खर्चायचे, की काही अडचणीसाठी राखून ठेवायचे, हे गटानं ठरवायचं. जास्तीचा पंप आणून ठेवायचा का, दुसरा वाळूवाला बघून ठेवायचा का, विमा उतरवायचा का… मुलं तावातावानं भांडत आणि बहुतेक वेळा सगळे चिंचोके पहिल्या दोन महिन्यांतच उडवून मोकळी होत. मग महिन्याची चिठ्ठी निघे. धरणातून पाणी सोडलं. ऊसतोड सुरू झाली, ट्रॅक्टर मिळत नाहीत. गावची यात्रा, मजूर गेले. साहेबांची बदली झाली.

या चिठ्ठ्या एका भोपळ्यात असत. मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका कारागिरानं बारीक चीर गेली म्हणून बाजूला टाकलेला तो मोठा, वाळलेला भोपळा. सरांनी तो मागून आणला, चीर सरसानं भरली आणि वरून पॉलिश केलं. चिठ्ठ्या ठेवणं हे त्याचं दुय्यम काम होतं. दर महिन्याला प्रत्येक गटातल्या एकाच्या हातात सर आणखी एक चिठ्ठी गुपचूप देत. मी बघितलं त्या दिवशी एका मुलीला मिळालेली चिठ्ठी अशी होती: 'सिमेंट भिजलं आहे. हे फक्त तुम्हाला माहीत आहे.' पुढं काय करायचं, ते तिनं ठरवायचं. गप्प बसलं तर खेळ नेहमीसारखा पुढं जाई. कधी काहीच होत नसे, कधी चैत्रात उभा खांब काढून टाकावा लागे. बोलायचं असेल तर उठून मध्ये यायचं आणि भोपळा वाजवायचा, बोटांच्या पेरांनी, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. भोपळा वाजला की चारही गटांचं काम थांबे. मग दोनच प्रश्न विचारायची मुभा होती. काय झालं? आता काय करायचं? 'कुणामुळं झालं' असं विचारलं तर विचारणाऱ्याच्या गटाचे चिंचोके सर काढून घेत.

ती मुलगी चिठ्ठी मुठीत धरून बसून राहिली. तिच्यासारखीच बहुतेक मुलं बसत. खेळ संपल्यावर सर कारण विचारत आणि उत्तरं ठरलेली असत. गटाचा मूड गेला असता. आमचा लीडर सीनियर आहे. मला वाटलं, दुसरं कुणीतरी सांगेल. मागून एक पोरगा ओरडला, "सर, परीक्षेत पण भोपळा आणि खेळात पण भोपळा!" सर म्हणाले, "परीक्षेतला मी देतो, गड्या. हा तू वाजवायचा आहेस." वर्ग हसला. मी त्या खेळावर रविवारच्या पानात सचित्र मजकूर लिहिला. ताडपत्रीवरची नदी, ठोकळे, चिंचोके, सगळं आलं. सरांनी फोन करून आभार मानले आणि जाता जाता म्हणाले, "भोपळा तेवढा राहिला की, पाव्हणं." जागेअभावी कापला गेला असं मी सांगितलं. तो मी लिहिलाच नव्हता. मला ती मुलांना हसवायची गंमत वाटली होती.

पाव्हणं हा त्यांचा माझ्यासाठीचा शब्द. आमच्या मुलांनी जातीबाहेर, एकमेकांना पसंत करून लग्न केलं होतं. दोन्ही घरांनी ते मानलं होतं, पण त्यामुळं आम्ही दोघं एकमेकांशी जरा जास्तच जपून बोलायचो. त्यात मी मुलीचा बाप. आमच्याकडं मुलीच्या बापानं मुलाच्या बापापुढं किती वाकायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. लग्नाच्या बैठकीत सर मला म्हणाले होते, "तुमची मुलगी पहिल्याच खेळात भोपळा वाजवणारी आहे. अशी पोरं फार थोडी." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. कौतुक आहे की तक्रार, याचा अंदाज घेत मी नुसता हसलो होतो.

हा खेळ सर गावोगावीही नेत. आटपाडीकडच्या दोन गावांनी मिळून पाण्याची एक योजना घेतली होती. तिच्या समितीला त्यांनी एकदा पूल बांधायला लावला. एका गावाच्या गटातल्या म्हाताऱ्याला चिठ्ठी मिळाली की शेजारच्या, म्हणजे दुसऱ्या गावाच्या गटानं पाणी अडवायला घातलेला बांध कच्चा आहे. म्हातारा काही उठेना. खेळ संपल्यावर सरांनी विचारलं, "का ओ, वाजवला का न्हाई?" म्हातारा म्हणाला, "आवं सर, माझी ल्येक त्या गावात दिलीया. पाव्हणं हाईत ती. त्येंच्या बांधाला वंगाळ कसं म्हनायचं?" सरांनी विचारलं, "आन् बांध फुटला तर?" म्हातारा म्हणाला, "फुटू द्या की. फुटल्यावर आमीच जातूय मदतीला." ही गोष्ट सर फार रंगवून सांगत आणि शेवटी स्वतःच पोट धरून हसत. मीही हसायचो, दर वेळी.

निवृत्तीनंतरही सर बोलावणं येईल तिथं खेळ घेत. अनुजा तोवर त्याच महाविद्यालयात शिकवू लागली होती आणि त्यांच्याबरोबर मदतीला जायची. याच काळात मला काही गोष्टी दिसायला लागल्या. सर तीच गोष्ट एका बैठकीत दोनदा सांगत. साताऱ्याला आमच्याकडं आले, तेव्हा घर सापडेना म्हणून पोवई नाक्यावर उभं राहून त्यांनी फोन केला, आणि आधी ते कितीतरी वेळा आले होते. एकदा सांगलीला त्यांच्याकडं राहिलो होतो. सरांचं संध्याकाळचं जेवण आयुष्यभर सूर्य मावळायच्या आत झालं. कितीही मोठा पाहुणा आला तरी त्यात बदल नसे. त्या दिवशी जेवण झालं, दिवे लागले, आणि थोड्या वेळानं सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "आज ताट वाढायचं नाही का?" त्यांच्या पत्नी पद्माताई ओट्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी वर्तमानपत्र उघडून डोळ्यांपुढं धरलं.

सांगलीत एका कार्यालयाच्या अभियंत्यांसाठी सरांचा खेळ ठेवला होता. सरांनीच मला आग्रहानं बोलावलं. मी मागच्या रांगेत बसलो. सकाळचं सत्र उत्तम झालं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चारही गट माघापर्यंत आले होते, खांब उभे राहिले होते. सुट्टीनंतर सर मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "चला, मार्गशीर्ष." मग एका गटातल्या ज्येष्ठ अभियंत्यानं शेजाऱ्याला डोळ्यानं खुणावलं आणि आपले उभे केलेले खांब हलक्या हातानं काढून बाजूला ठेवले. बाकीच्या गटांनीही तसंच केलं. पुन्हा मार्गशीर्ष खेळला गेला, मग पौष. त्यानंतर सर घोटभर पाणी प्यायले, सिमेंटची गोष्ट सकाळी सांगितली होती तीच पहिल्यापासून सांगितली आणि म्हणाले, "चला, मार्गशीर्ष." पुन्हा खांब उतरले. आयुष्यभर खरे पूल बांधलेली ती माणसं, एका माणसाला एक वाक्य सांगायला नको म्हणून, उभं केलेलं काम पुन्हा पुन्हा काढून ठेवत होती. कुणीतरी खोकल्यासारखं करून हसू दाबलं. आयोजक फोनमध्ये बघत राहिले. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर नजर लावून बसलो होतो.

अनुजा भिंतीशी उभी होती. ती मध्ये आली, भोपळ्याजवळ वाकली आणि तिनं तो वाजवला.

सगळं थांबलं. चारचौघांत, परक्या माणसांपुढं, माझी मुलगी सासऱ्याला थांबवत होती. सरांनी तिच्याकडं बघितलं. चेहऱ्यावर आधी गोंधळ होता. मग तीस-चाळीस वर्षांची सवय वर आली असावी… त्यांनी नियमाप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "काय झालं?"

"सर, मार्गशीर्ष झालाय," अनुजा म्हणाली. "सकाळी झाला, जेवणानंतर परत झाला. तुमच्या लक्षात राहात नाहीये. काही महिन्यांपासून असं होतंय." तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता.

सरांनी ताडपत्रीकडं बघितलं. बाजूला काढून ठेवलेले खांब त्यांना तेव्हा दिसले असावेत. मग ते खोलीकडं वळले. "किती जणांना कळलं होतं? हात वर करा. मी रागावणार नाही." कुणी हलेना. मग एक हात वर आला, दुसरा आला, हळूहळू बहुतेक हात वर आले. सरांची नजर त्या हातांवरून फिरत मागच्या रांगेपर्यंत आली. "पाव्हणं," ते म्हणाले, "तुमाला कळलं होतं?"

मी म्हणालो, "नाही बुवा. मला तर काही वेगळं वाटलं नाही."

सर माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्यात टोमणा नव्हता. बाजूच्या माणसांना समजावून सांगावं तसं ते म्हणाले, "पाव्हणं हाईत ते." आटपाडीच्या म्हाताऱ्याची गोष्ट त्या खोलीत सकाळीच सांगून झाली होती. सगळ्यांना कळलं. मग सर अनुजाकडं वळले आणि त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "आता काय करायचं?" ती म्हणाली, "आता पुढचा खेळ मी घेते, सर. तुम्ही बसा." सर खुर्चीवर बसले आणि तिनं माघाची चिठ्ठी काढली.

बाहेर पडल्यावर गाड्या लावतात तिथं मी अनुजाला गाठलं. तिला मी काय काय बोललो ते जसंच्या तसं लिहिण्यासारखं नाही. सासऱ्याची अब्रू, माझं नाक, लोक काय म्हणतील. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घरी मी त्यांना सांगितलं होतं, बाबा. हसून म्हणाले, वय झालं. ताटाच्या दिवशी तुम्ही तिथंच होता. कोण बोललं? भोपळा वाजवला की सर ऐकतात, एवढं एकच मला माहीत होतं." तिनंच पुढं विचारलं, "तुम्हाला खरंच दिसलं नव्हतं?" मी म्हणालो, "विषय बदलू नकोस."

त्याच आठवड्यात सर स्वतःहून मिरजेला डॉक्टरांकडं गेले. स्मृतिभ्रंशाची सुरुवात होती. लवकर आलात, डॉक्टर म्हणाले. बरं होणार नाही, पण हाताशी चांगला काळ आहे. तो काळ सरांनी कसा वापरला, ते मी दुरून बघितलं. जोखमीचं काय करायचं, याची उत्तरं ते मुलांना शिकवत. टाळता येते का बघायचं, नाहीतर कमी करायची, काही दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची, आणि उरेल ती समजून-उमजून पत्करायची. मोटारसायकल त्यांनी स्वतः विकून टाकली. पुलाचा खेळ अनुजाच्या हवाली केला आणि तिच्या वर्गात विद्यार्थ्यासारखे मागं बसू लागले. शेजारी, दूधवाला, कोपऱ्यावरचा दुकानदार, सगळ्यांना त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. एकदा माझ्यासमोरच त्यांनी घरातल्यांना सांगून ठेवलं, "जेवलो असेन आणि परत ताट मागितलं, तर सांगा, जेवण झालंय म्हणून. तोंड फिरवू नका. आणि दिवस मावळल्यावर मागितलं तर देऊ नका. मला आठवो न आठवो, नियम माझा आहे तो." पद्माताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आणि चिडलात तर?" सर म्हणाले, "चिडू द्या की. तू काय माझं चिडणं आज ऐकून घेतीयास व्हय?" त्या रडता रडता हसल्या.

हे सगळं भोपळ्याच्या त्या एका आवाजामुळं शक्य झालं, हे मला तेव्हाच कळत होतं. मी जात-येत राहिलो. दर भेटीत आम्ही कोयनेचं पाणी, द्राक्षांचा हंगाम, साताऱ्याची थंडी यांवर बोललो. त्या दिवसाबद्दल सरांनी कधी चकार शब्द काढला नाही. मी अनेकदा साताऱ्याहून खरं सांगायचं ठरवून निघालो, कराड येईपर्यंत वाक्य जुळवलेलं असायचं… सांगलीत पोचलो की चहा यायचा, मी तब्येत विचारायचो आणि ते म्हणायचे, "मजेत." ऐकून घेणारा माणूस समोर होता, त्याला अजून सगळं समजत होतं. मी त्याचा तो काळ गप्पांमध्ये संपवला.

शेवटची नीट भेट पावसाळ्याच्या तोंडावर झाली. तोवर सरांना मी ओळखू येत नव्हतो. मी कोण ते माहीत नसल्यामुळं त्यांच्या बोलण्यातला व्याह्यांचा आदबशीरपणाही गेला होता. मला त्यांनी विद्यार्थी समजून शेजारी बसवून घेतलं. भोपळा टेबलावर होता. त्यांनी आत हात घालून एक चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. "वाच." नेमकी सिमेंटचीच आली असं सांगितलं तर बनवून सांगतोय असं वाटेल. ती साधीच होती, वाळू मिळत नाही अशी. पण सर माझ्याकडं वाट बघत होते. "कळलं ना? मग वाजव की. कुणाची वाट बघतोयस?" मी दाराकडं बघितलं. आत पद्माताई आणि अनुजा बोलत होत्या. मी एक बोट वाकवून भोपळ्यावर हलकंच टेकवलं. सरांनी मान हलवली. "असं नव्हं गड्या. ऐकू गेलं पायजे." मी चिठ्ठी घडी करून परत आत टाकली आणि म्हणालो, "पुढच्या वेळी, सर."

गेल्या आठवड्यात मी सांगलीला गेलो होतो. आता भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली आहे. येणारे म्हणतात, सर फार शांतपणे गेले, काही त्रास झाला नाही, आणि घरातले माना डोलावतात. दुपार कलल्यावर मी सरांच्या खोलीत एकटाच होतो. खुर्ची, खिडकीतला उजेड, टेबलावर भोपळा. अनुजा तो दर सत्रात वर्गात नेते आणि परत त्याच जागी आणून ठेवते. पॉलिश बऱ्याच ठिकाणी गेलं आहे, बोटं लागून लागून एक जागा गुळगुळीत झाली आहे. मी बराच वेळ त्याच्याकडं बघत होतो. मग पेरांनी तो वाजवला, ऐकू जाईल असा.

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. अनुजा पिठाच्या हातांनी दारात आली. तिच्या मागं पद्माताई आल्या. पुढच्या खोलीतून जावई, सन्मती, आला. कुणी दचकलं नव्हतं. त्या घराला त्या आवाजावर थांबायची सवय आहे. अनुजानं विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "त्या दिवशी मला दिसलं होतं. मार्गशीर्ष पहिल्यांदा परत आला तेव्हाच दिसलं होतं. त्याच्या आधीपासून दिसत होतं. सरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. परवा बातमीतही खोटंच सांगितलं."

का, असं कुणी विचारलं नाही. खेळात तो प्रश्न नाही. विचारला असता तर मला सोपं गेलं असतं. रीतभात, मुलीचा बाप, पाहुणे, सगळी उत्तरं तयार होती. अनुजा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हातावरचं पीठ वाळत होतं. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला, "आता काय करायचं, बाबा?"

ज्याला सांगायचं होतं तो माणूस त्या खोलीत नव्हता. मी भोपळ्यावर हात ठेवून उभा राहिलो आणि तेही सगळे माझ्याबरोबर थांबले. खिडकीतला उजेड टेबलावरून सरकत भिंतीवर गेला होता. शेवटी पद्माताईच म्हणाल्या, "आधी जेवून घ्या सगळे. दिवस मावळायला आला."

आम्ही उजेड होता तोवर जेवून घेतलं.